तालमीच्या मांडवात जादूचा प्रयोग कसा बसवायचा, जादूगारांच्या गोष्टींसकट

गणपती तोंडावर आले की दरवर्षी तालमीच्या पोरांचे फोन सुरू होतात, दादा एखादा जादूचा कार्यक्रम बसवून द्या की, पण बाहेरचा जादूगार बोलवायचं बजेट नाही, आमचीच पोरं करतील. मला हे लई आवडतं. गेली बरीच वर्षं मी कोल्हापुरात शाळांमधून आणि मंडळांमधून असे प्रयोग बसवतोय आणि प्रत्येक वेळी तेच तेच फोनवर सांगत बसतो, म्हणून यंदा सगळं एकदाच लिहून काढतोय. वाचा, आणि लागलं तर तालमीच्या ग्रुपवर टाका.

पहिली गोष्ट, खेळ कमी घ्या. चाळीस मिनिटांच्या कार्यक्रमाला चार खेळ बास होतात. पोरं मोबाईलवर रोज याच्यापेक्षा शंभरपट भारी जादू बघतात, त्यामुळं तुम्ही रुमालातनं फूल काढलं तर पहिल्या रांगेतलं पोरगं म्हणणार "मला येतंय हे". पण तोच खेळ हातात घेऊन तुम्ही सांगितलं की हा कुणी केला, कधी केला, त्या माणसाचं पुढं काय झालं, की तेच पोरगं गप्प बसून ऐकतं. हे मी एकदा नाही, कितीतरी वेळा बघितलंय. म्हणून माझा नियम साधा आहे, प्रत्येक खेळाला त्याचा माणूस जोडायचा आणि त्याचं नाव स्टेजवर मोठ्यानं घ्यायचं.

सुरुवात वाट्या आणि गोळ्यांच्या खेळानं करा. तीन कप, तीन गोळ्या, गोळी कपाच्या आरपार जाते. जगातला फार जुना खेळ आहे हा. सेनेका नावाचा रोमन विचारवंत जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी एका पत्रात लिहून गेलाय की ही फसवणूक आहे पण निरुपद्रवी आहे, फसण्यातच मजा आहे, आणि युक्ती कळली की त्याची गोडी जाते. आपल्याकडं हाच खेळ गारुडी रस्त्यावर बसून, चारी बाजूंनी माणसं उभी असताना करायचे. स्टेज नाही, पडदा नाही, मागं लपायला जागा नाही. आपण "गारुड्याची पोतडी" म्हणतो ना, त्या पोतडीतनं काय काय निघायचं, हा तर त्यातला पहिला खेळ.

आता करायचा कसा. चहाचे जरा मोठे कागदी कप घ्या, जाड आणि आरपार न दिसणारे. कागदीच का तर त्याच्या बुडाला बाहेरून खळगा असतो, त्यात गोळी बसते आणि घरंगळत नाही, शिवाय गोळी आत पडल्याचा आवाज येत नाही. स्टीलचे पेले दिसायला भारी दिसतात पण आवाज करतात. गोळ्या लाल लोकरीच्या घट्ट गुंडाळून करा, छोट्या बोराएवढ्या, चार. लोकांना तीनच दाखवायच्या, चौथीचा पत्ता कुणाला लागता कामा नये.

तिन्ही कप तोंड वर करून एकात एक घाला, आणि चौथी गोळी आधीच मधल्या कपात टाकून ठेवा. बाकीच्या तीन गोळ्या टेबलावर समोर ठेवा. आता सगळ्यात खालचा कप ओढून काढा आणि पालथा घालून टेबलावर ठेवा. मग दुसरा, गोळीवाला, तसाच काढून मधे पालथा घाला. मग तिसरा. गोळीवाला कप पालथा घालताना हात थांबला की गोळी पडणार, आणि झटका दिला की लोकांचं लक्ष जाणार, तिन्ही कप एकाच लयीत पालथे झाले पाहिजेत. इथंच सगळी मेहनत आहे. आरशासमोर नाही, मोबाईलचा कॅमेरा लावून प्रॅक्टिस करा, कारण आरशात आपण आपल्याच हाताकडं बघत बसतो आणि प्रयोगात तर मान वर ठेवून लोकांकडं बघायचं असतं.

आता एक गोळी मधल्या कपाच्या बुडावर ठेवा, बाकीचे दोन कप एकावर एक तिच्यावर घाला, बोटानं टकटक करा आणि तिन्ही कप एकत्र उचला. खाली गोळी! लोकांना वाटतं वरची आरपार गेली. खरी गंमत पुढं आहे. तिन्ही कप तसेच एकत्र धरून सरळ केले की वर ठेवलेली गोळी आपोआप मधल्या कपात आलेली असते, म्हणजे पुढच्या वेळची तयारी झालेलीच आहे. पुन्हा तसंच, गोळीवाला कप टेबलावरच्या गोळीवर पालथा घालायचा, दुसरी गोळी वर, टकटक, खाली दोन. मग तीन. एकदा हाताला बसलं की खेळ स्वतःच स्वतःला चालवतो, तुमचं तोंड गोष्ट सांगायला मोकळं राहतं.

शेवटी कपाखालनं काहीतरी मोठं काढायचा मोह होतो आणि बाहेरचे जादूगार बहुतेक लिंबू काढतात. आपल्याकडं लिंबू काढू नका. लिंबू बघितलं की मागं बसलेल्या एखाद्या आजीच्या मनात करणी आणि भानामती येते आणि कार्यक्रमाचा सूरच बदलतो. चिकू काढा, बटाटा काढा, मोदक काढला तर टाळ्या पक्क्या.

करणीचा विषय निघालाच आहे तर हे मांडवात सांगाच. १५८४ साली इंग्लंडमधे रेजिनाल्ड स्कॉट नावाच्या माणसानं चेटकिणींच्या नावाखाली होणाऱ्या छळाविरुद्ध पुस्तक लिहिलं आणि त्यात हातचलाखीचे खेळ उघड करून दाखवले, म्हणजे लोकांना कळावं की हे सैतानाचं काम नाही, बोटांचं आहे. आणि आपल्याकडं नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हेच करत आलेत, हातातनं विभूती काढून दाखवायची आणि लगेच कशी काढली तेही सांगायचं. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला आणि जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. पोरांना हे माहीत पाहिजे. स्टेजवरचा जादूगार आधीच सांगतो की मी तुम्हाला फसवणार आहे, बाबा-बुवा ते सांगत नाही.

दुसरा खेळ विजेचा. याचा माणूस फ्रान्सचा रोबेर-हूदँ. १८०५ चा जन्म, घड्याळजी. त्यानं स्वतः लिहून ठेवलंय की घड्याळाच्या कामाचं पुस्तक मागवलं आणि दुकानदारानं चुकून जादूचं पुस्तक बांधून दिलं, तिथनं सगळं सुरू झालं. पोरांना ही गोष्ट भयंकर आवडते. १८४५ ला त्यानं पॅरिसमधे स्वतःचं थिएटर काढलं आणि लांब झगे, टोकदार टोप्या वगैरे सगळं टाकून देऊन, पाहुणे जसे रात्रीच्या जेवणाला जातात तशा साध्या काळ्या कोटात स्टेजवर उभा राहिला. आज जादूगार म्हटलं की जो काळा कोट डोळ्यासमोर येतो तो याच्यापासून रुळला.

त्याचा गाजलेला खेळ म्हणजे पेटी. लहान पोरगंसुद्धा उचलतं, आणि जादूगारानं म्हटलं की धट्टाकट्टा गडी घाम गाळला तरी हलत नाही. पेटीच्या बुडाला लोखंड, स्टेजखाली विजेचं चुंबक. त्या काळी विजेचं चुंबक सामान्य माणसाला माहीतच नव्हतं. १८५६ ला फ्रेंच सरकारनं त्याला मुद्दाम अल्जीरियाला पाठवलं, कारण तिथल्या धर्मगुरूंचा लोकांवर वचक होता आणि आमची जादू तुमच्यापेक्षा मोठी आहे हे सरकारला दाखवायचं होतं. ही बाजू झाकू नका. हुशार माणूस होता यात शंका नाही, पण हा खेळ परक्या राज्यकर्त्यांनी लोकांना दबवायला वापरला, आणि आपण स्वतः इंग्रजांखाली राहिलेली माणसं आहोत, आपल्याला हे लगेच समजतं.

खरी पेटी करायच्या भानगडीत पडू नका, तेवढी ताकद घरगुती चुंबकात येत नाही आणि घरच्या लाईटला तर वायर अजिबात जोडायची नाही. तत्त्व दाखवा. उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात जाऊन शाळेच्या प्रयोगाला वाइंडिंग वायर पाहिजे म्हणा, उरलेला तुकडा आनंदानं देतात. चांगला जाड लोखंडी बोल्ट घ्या, त्यावर एकाच दिशेनं दीडदोनशे वेढे मारा, वायरीच्या दोन्ही टोकांवरचं वार्निश पॉलिश पेपरनं खरवडून काढा (हे विसरलं की काहीच चालत नाही आणि मग मला फोन येतो), आणि दोन टॉर्चचे सेल जोडा. टाचण्या चिकटतात, वायर काढली की बहुतेक सगळ्या पडतात. एका वेळी चार-पाच सेकंदच चालू ठेवा, सेल आणि वायर दोन्ही तापतात. बोल्टावर वर्तमानपत्राचा कागद ठेवला तरी टाचण्या चिकटतात, पण मधे जाड फळी घातली की संपलं, यावरनं पोरं स्वतःच विचार करतात की मग हूदँनं फळीखालनं कसं केलं असेल, चुंबक किती मोठं असेल.

आता तिसरा भाग, आणि हा मी कोल्हापुरात कधीच सोडत नाही, कारण जादू आणि सिनेमा हे सख्खे भाऊ आहेत आणि आपलं गाव सिनेमाचं. रोबेर-हूदँचं थिएटर १८८८ ला जॉर्ज मेलिएस नावाच्या जादूगारानं विकत घेतलं. २८ डिसेंबर १८९५ ला ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमधे हलती चित्रं दाखवली तेव्हा हा मेलिएस प्रेक्षकांत बसलेला होता. त्यानं ओळखलं की ही तर नवी जादू आहे, आणि पडद्यावर माणसं गायब करायला लागला. इकडं आपले दादासाहेब फाळके, सिनेमाच्या आधी जादूचे प्रयोग शिकले होते आणि "प्रोफेसर केळफा" या नावानं करायचे. केळफा कोण? फाळके उलटं वाचा! हे नाव फळ्यावर लिहा आणि पोरांना उलटं वाचायला सांगा, जो पहिल्यांदा ओरडतो त्याला पेढा. मग १९१३ ला राजा हरिश्चंद्र आला. आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी, ज्यांचे हात नाटकांचे पडदे रंगवून तयार झालेले, स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० ला सैरंध्री काढला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरनं तो कापायला लावला. नाटकाचा पडदा, जादू, सिनेमा, सगळं एकाच घरातलं.

याला खेळ म्हणून पोपट आणि पिंजरा करा. जाड पुठ्ठ्याची बांगडीएवढी चकती कापा, एका बाजूला पोपट काढा, दुसऱ्या बाजूला पिंजरा, पण पिंजरा उलटा, डोकं खाली. डाव्या-उजव्या कडेला भोकं पाडून दोरे बांधा, पीळ द्या आणि ओढा, चकती फिरते आणि पोपट पिंजऱ्यात बसलेला दिसतो. डोळ्याला एक चित्र दिसून पुरतं पुसायच्या आत दुसरं समोर येतं म्हणून दोन्ही एकत्र दिसतात. पन्नास चकत्या आदल्या दिवशी कापून ठेवा, प्रत्येक पोराला एक द्या. हा खेळ स्टेजवरनं करायचाच नाही, मांडवात खाली करायचा.

चौथा माणूस पी. सी. सरकार. १९१३ चा जन्म, टांगाईलचा, आता ते बांगलादेशात आहे. इंद्रजाल नावाचा त्यांचा प्रयोग जगभर फिरला. ९ एप्रिल १९५६ ची रात्र पोरांना रंगवून सांगा. लंडन, बीबीसीचा पॅनोरमा कार्यक्रम, लाईव्ह. सरकारांनी टेबलावर झोपवलेल्या मुलीच्या अंगावरनं गोल करवत फिरवली. मग तिला उठवायला गेले, हात चोळले, ती उठेना. तिच्या तोंडावर कापड टाकलं. आणि तेवढ्यात निवेदकानं पुढं येऊन कार्यक्रम संपल्याचं सांगितलं, वेळ संपली होती! हजारो लोकांना वाटलं मुलगी मेली, बीबीसीचे फोन जाम झाले. मुलगी ठणठणीत होती. लंडनला त्यांचे प्रयोग व्हायचे होते, त्याची तिकिटं हातोहात संपली.

कापण्याचा खेळ स्टेजवर पहिल्यांदा गाजवला तो लंडनच्या पी. टी. सेल्बिटनं, जानेवारी १९२१ मधे, आणि तिथनं पुढं पेटीत कायम बाईच. म्हणून मी मांडवात ॲडलेड हरमन यांचं नाव घेतोच. नवरा अलेक्झांडर मोठा जादूगार, १८९६ ला वारला, तेव्हा ही बाई घरी बसली नाही, स्वतःच्या नावावर कंपनी चालवली आणि पुढं तीसेक वर्षं स्टेजवर राहिली. तुमच्या प्रयोगातही मुलीला नुसतं ट्रे धरून उभं करू नका. कप आणि गोळ्या तिला द्या, माझ्या अनुभवात मुलींचे हात जास्त शांत चालतात.

सरकारांची आणखी एक गोष्ट होती, तांब्या. प्रयोगाच्या सुरुवातीला तांब्या रिकामा करायचे, मग पुढच्या खेळाकडं वळायचे, मधेच परत तांब्या उचलायचा तर परत पाणी, असं शेवटपर्यंत. या खेळाचं नाव वॉटर ऑफ इंडिया. तसा तांब्या विकत घेतला तर उत्तम, नाहीतर दोन लिटरची बाटली घ्या, बुडाजवळ तापलेल्या सुईनं बारीक भोक पाडा, पाणी भरून झाकण घट्ट लावा. पाणी येत नाही. झाकण सैल केलं की धार लागते, घट्ट केलं की बंद. "थांब" म्हणा आणि अंगठ्यानं झाकण हळूच फिरवा, पाणी तुमचं ऐकतं. हवेचा दाब आहे, सहावीसातवीच्या पोरांना समजावून सांगता येतो, आणि हा तुमचा कार्यक्रमाचा दोरा, प्रत्येक दोन खेळांच्या मधे हीच बाटली.

काय करायचं नाही तेही स्पष्ट सांगतो. आग, सुऱ्या, बंदूक, साखळदंड, पाण्याची टाकी, काही नाही. साखळदंडातनं सुटून दाखवणारा हूदिनी घ्यायचाच असेल तर गोष्ट म्हणून घ्या. १८७४ ला बुडापेस्टमधे जन्मला, मूळ नाव एरिक वाईस, रोबेर-हूदँच्या नावावरनं स्वतःचं नाव केलं. तो पाण्याच्या टाकीत बुडून मेला असं सगळे सांगतात, ते खोटं आहे, अपेंडिक्स फुटून ३१ ऑक्टोबर १९२६ ला डेट्रॉइटच्या हॉस्पिटलमधे गेला. आणि चुंग लिंग सू. चिनी जादूगार म्हणून जगभर प्रसिद्ध, स्टेजवर कधी इंग्रजी बोलला नाही. मार्च १९१८ ला लंडनमधे बंदुकीची गोळी झेलायचा खेळ करताना बंदूक बिघडली, गोळी खरीच छातीत गेली, आणि तो खाली पडताना इंग्रजीत बोलला. तो चिनी नव्हताच, विल्यम रॉबिन्सन नावाचा अमेरिकन होता, खऱ्या चिनी जादूगाराची, चिंग लिंग फूची, नक्कल करून मोठा झालेला. ही गोष्ट सांगितली की मांडवात पंख्याचा आवाज ऐकू येतो.

पंख्यावरनं आठवलं, पंखा बंद करा. माझ्या पहिल्या प्रयोगात मांडवातल्या मोठ्या पंख्यानं कागदी कप उडवले आणि चौथी गोळी सगळ्यांसमोर टेबलावर, खेळ करणाऱ्या पोराला रडू आवरेना. तेव्हापासून टेबलावर जाडसर सतरंजीचा तुकडा टाकतो आणि पंखा आधी बंद करतो. टेबल स्टेजच्या अगदी पुढं नको, दोन पावलं मागं. बाजूच्या कंपाउंडवर चढून बसलेली पोरं तुमच्या हाताच्या मागचं सगळं बघतात, त्यांना आधीच खाली समोर बसवा. माईक हातात धरायचा नाही, एक हात गेला की खेळ गेला, स्टँड लावा किंवा गोष्ट सांगायला दुसरा माणूस ठेवा. आरतीची वेळ आधी विचारून घ्या, स्पीकरवाला मधेच गाणं लावणार नाही हेही.

कुणी दोरीच्या जादूबद्दल विचारणारच, दोरी हवेत सरळ उभी राहते, पोरगं चढतं आणि गायब होतं. "भारतातली सगळ्यात मोठी जादू" म्हणून ती जगभर सांगितली गेली. तिची प्रसिद्धी झाली १८९० ला शिकागोच्या एका पेपरात छापलेल्या बातमीवरनं, आणि ती बातमी बनावट होती हे चार महिन्यांनी पेपरनंच छापलं. पण आपल्या गारुड्यांचे खरे खेळ, टोपलीत बसलेल्या पोरावर तलवारी खुपसणं, कापडाखाली आंब्याचं रोप वाढवणं, हे इंग्रज बघून गेले आणि तिकडच्या स्टेजवर स्वतःच्या नावावर करू लागले. रामो सामी म्हणजे रामस्वामी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडला गेला आणि तिथं गाजला, म्हणून त्याचं नाव तरी राहिलं. बाकी शेकडो माणसांची नावं कुणी लिहिलीच नाहीत. उलट १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात रस्त्यावर खेळ करून पैसे मागणंही भीक मागण्यात धरलं गेलं. मला याचं फार वाईट वाटतं.

म्हणून प्रयोग संपला की सामान लगेच आवरू नका. एक खुर्ची स्टेजच्या बाजूला ठेवा, एका पोराला वही द्या आणि मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा, अर्थात विचारून. कुणीतरी येतंच. मागच्या खेपेला मंगळवार पेठेतल्या एक आजी आल्या, काठी टेकत, म्हणाल्या "आंब्याचं झाड मी बघितलंय, जोतिबाच्या यात्रेत, माझ्या वडलांच्या खांद्यावर बसून." घाई न करता चार गोष्टी विचारा, कुठं बघितलं, साधारण कितव्या वर्षी, खेळ करणारा कुठल्या गावचा होता, आणि त्याला लोक काय नावानं हाक मारायचे. आजींना नाव आठवत नव्हतं. तीन दिवसांनी त्यांच्या नातवाचा फोन आला, आजी म्हणतात त्या माणसाबरोबरच्या पोराला तो "बाळ्या" म्हणायचा. ते आम्ही वहीत लिहून ठेवलंय, तारखेसकट.